शिंपले उघडण्याआधी

पहिल्यांदा आला तो ओल्या पोत्याचा वास. शिंपलेवालीनं टोपलीवरचं पोतं बाजूला सारलं आणि काय होतंय ते कळायच्या आत समोर उभी असलेली ती दोन पावलं मागे हटली, अंगावर कुणी पाणी उडवावं तशी. मागच्या माणसाच्या पायावर तिची टाच पडली. "माफ करा," ती म्हणाली, पण कुणाकडे बघून म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही, कारण पोत्यामागून आणखी काहीतरी आलं होतं. थंड, हिरवट, मिठाच्या खड्यासारखं नाकाच्या मुळाशी टोचणारं. आणि येऊन तिथंच थांबलं होतं. पाच वर्षं तिथं काही थांबलं नव्हतं. एका साध्या तापात, ज्यात तिनं धड अंथरूणसुद्धा धरलं नव्हतं, तिचा वास गेला होता, आणि ताप उतरल्यावरही परत आला नव्हता. नाकाच्या डॉक्टरनं बारीक दिव्यानं आत डोकावून सांगितलं होतं, "वाट बघायची. आला तर येईल. आला तरी सगळा एकदम येणार नाही, आणि ओळखीचे कपडे घालून येईलच असंही नाही." सहा महिने तिनं वाट बघितली, रोज सकाळी कॉफीच्या डब्यात नाक खुपसून. मग वाट बघणं सुटलं, लांबच्या नातेवाइकाला पत्र लिहिणं सुटतं तसं, कुठल्या दिवशी ते न कळता. आणि आज, अर्ध्या सुटीच्या दिवशी, बाजाराच्या निसरड्या फरशीवर, हातात कापडी पिशवी घेऊन ती उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाई, बरं वाटत नाही का?" शिंपलेवालीनं विचारलं.

"नाही, नाही. द्या तुम्ही. नेहमीएवढे."

"साहेब नाही आले आज?"

"त्यांना आज कामावर टाकी उपसायची आहे."

"मग आज माझी सुटका. ते आले की एकेक शिंपला मलाच हुंगायला लावतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. थट्टेखोर आहेत." शिंपलेवाली हसली आणि काळे, लांबट शिंपले मूठमूठ करून पिशवीत टाकू लागली. तिच्या बोलण्यातलं निम्मं हिच्या कानावरून गेलं. ती वाकून शिंपलेवालीच्या मनगटाचा वास घेत होती, चोरासारखी.

घरापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा, पण त्या दिवशी तो किती वेळ चालला ते सांगता येणार नाही. रस्ता तोच होता. चपला दुरुस्त करणारा, कपड्यांना इस्त्री करणारा, सायकलींच्या ट्यूबा टांगलेलं दुकान. पण या सगळ्यांना आता मागची बाजू फुटली होती. पाच वर्षं ती काचेवर काढलेल्या चित्रातून चालत असल्यासारखी चालली होती, आणि आता चित्रातल्या दारांच्या आत खोल्या निघत होत्या. इस्त्रीखालून वाफ निघाली आणि तिला तिच्या आईची मांडी आठवली, आईचा चेहरा नाही, नुसती मांडी, सुती, उबदार, आणि त्या मांडीवर डोकं ठेवलेलं असताना ऐकू येणारी पोटातली गुडगुड. रबराच्या वासानं शाळेच्या दप्तराचा कप्पा उघडला. पावाच्या भट्टीसमोर मात्र जळक्या वायरीचा वास आला. ती थांबली, पुन्हा हुंगलं, पुन्हा वायरच. डॉक्टर म्हणाला होता तसं, पाव दुसऱ्याच कुणाचे कपडे घालून आला होता. तिला हसू आलं. समोरून येणाऱ्या बाईनं आधी तिच्याकडे आणि मग स्वतःच्या साडीकडे बघितलं, काही सांडलंय की काय म्हणून. अशी ती अर्धवट जागी, अर्धवट तरंगत जिन्यापाशी आली, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवल्यावर तिच्या मनात आलं की चार वाजता ते घरी येतील.

तिथं ती थांबली. पिशवीतून पाणी ठिबकत होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आपल्या नवऱ्याचा वास कसा आहे, हे तिला माहीत नव्हतं.

शहराचं सगळं सांडपाणी जिथं आणून स्वच्छ करतात, त्या केंद्रावर तो सव्वीस वर्षं कामाला होता. आता पाळीप्रमुख होता, म्हणजे चार माणसांकडून काम करून घ्यायचं आणि पाचवा स्वतः उतरायचं. काम सुटल्यावर तो तिथल्या न्हाणीघरात कडक लाल साबणानं आंघोळ करायचा, घरी आला की दुसऱ्या साबणानं करायचा, आणि झोपायच्या आधी तिसरी. कामाचे कपडे वेगळ्या पिशवीत, वेगळ्या बादलीत. बसनं कधी जायचा नाही, सायकल. लिफ्ट रिकामी असली तरच लिफ्ट. ती त्याला हसायची. म्हणायची, "अहो, कातडी सोलून निघेल एक दिवस. मला कुठं काय कळतंय?" आणि तो टॉवेलनं कान पुसत म्हणायचा, "तुला नाही गं. पण भिंतींना कळत असेल." लग्न ठरलं तेव्हा तिची ताई फोनवर खो-खो हसली होती. "छान झालं," ताई म्हणाली होती, "त्याला बायको मिळेना नाकामुळे, आणि तुला नाकच नाही. देवानं माप घेऊन शिवलंय." ताईचं बोलणं असंच, कात्रीसारखं, पण कापड वाकडं कापायचं नाही. त्यात काही खोटं नव्हतं.

भेट झाली ती चष्म्याच्या दुकानात. ती तिथं फ्रेमा बसवायचं काम करायची, अजूनही करते. गिऱ्हाईक उंच स्टुलावर बसतं, ती त्याच्या तोंडाशी वीतभर अंतरावर वाकते, दांडी कानामागे टोचते का बघते, नाकावरच्या गाद्या चिमटीत धरून किंचित आत किंवा बाहेर करते. दिवसाला तीस-चाळीस अनोळखी चेहरे, त्यांचे श्वास, त्यांचं तेल, त्यांनी दुपारी खाल्लेलं. वास होता तेव्हा हे काम करताना तिच्या नाकी नऊ यायचे; वास गेल्यावर ते एकदम सोपं झालं, तळ्याच्या तळाशी बसून काम केल्यासारखं. त्या काळात एक दिवस तो आला. स्टुलावर बसला आणि पाठ भिंतीला लावून शक्य तेवढा मागे झाला. ती वाकली. त्यानं श्वास धरून ठेवला होता. चेहरा लाल झाला होता. "श्वास घ्या की, साहेब," ती म्हणाली, "चष्म्याला पैसे पडतात, श्वासाला नाही." त्यानं श्वास सोडला, आणि तिच्या चेहऱ्याकडे अशा नजरेनं बघत राहिला की तिलाच वाटलं, आपल्या गालाला काही लागलंय. नंतर तो पाच वेळा आला. फ्रेम सैल झालीय म्हणायचा. ती कधीच सैल नव्हती.

तिनं जिना चढून दार उघडलं, आणि घरानं तिला ओळख दाखवली नाही. फर्निचर तिचं, पडदे तिचे. पण हवा कुणातरी दुसऱ्या कुटुंबाची होती. कपाटातून जुन्या लाकडाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा, मोरीतून चुन्यासारखा, आणि या सगळ्याच्या खाली एक मंद, सपाट काहीतरी, ज्याला तिला नाव देता येईना. ती झोपायच्या खोलीत गेली. उशी उचलली, त्याच्या बाजूची. उचलून छातीपर्यंत आणली आणि तिथून तशीच खाली ठेवली. दाराच्या मागे त्याचा टॉवेल होता. त्याच्यापासून ती अंग चोरून बाहेर आली.

कारण तिला आपलं नाक माहीत होतं. पहिला नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. आवाज चढवायचा नाही, पगार हातात आणून द्यायचा, सुटीच्या दिवशी भांडी घासायचा आणि घासताना नद्यांची नावं गुणगुणायचा. सात वर्षं सगळं सुरळीत होतं. आणि सातव्या वर्षी एका सकाळी, तो आरशासमोर केस विंचरत असताना ती मागून गेली, आणि तिच्या पोटात एक लहानसं दार बंद झालं. बाकी काही झालं नव्हतं. त्याच्या केसांचा वास तोच होता, तापवून निवलेल्या दुधासारखा, सात वर्षं तिनं त्यात झोप घेतली होती. आता तो नको झाला. तिनं तेल बदललं, साबण बदलला, उशांचे अभ्रे उन्हात घातले, गाद्या बदलल्या. रात्री ती पाठ फिरवून भिंतीचा वास घेत पडायची. तो विचारायचा, "माझं काही चुकलं का?" ती म्हणायची, "काही नाही." दोन वर्षं तो विचारत राहिला, आधी काळजीनं, मग चिडून, मग अगदी हळू, ऐकू गेलं नाही तरी चालेल अशा आवाजात, आणि दोन वर्षं ती "काही नाही" म्हणत राहिली. सांगणार काय? तुझा वास मला सोसत नाही, हे कुणी कुणाला सांगतं का? नवव्या वर्षी दोघांनी समजुतीनं सह्या केल्या. शेवटच्या दिवशी जिन्यात तो म्हणाला, "मला निदान कळलं असतं तर बरं झालं असतं." त्या वेळीही ती काही बोलली नाही. म्हणून पुढं ताप आला आणि वास गेला तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला वाईट कमी वाटलं होतं आणि सुटका झाल्यासारखं जास्त. एका दुष्ट, खोडसाळ प्राण्याला घराबाहेर काढून दाराला कडी लावावी तसं.

तो प्राणी आता परत आला होता.

तिनं मोठ्या परातीत मिठाचं पाणी केलं आणि शिंपले त्यात सोडले. ते पोटातली वाळू सोडेपर्यंत तासभर थांबायचं. त्यानं सकाळी निघताना बजावलं होतं, "आणून ठेव, धुऊन ठेव, पण चुलीवर चढवू नकोस. मी येऊन बघतो." हा घरातला नियम होता. पाच वर्षांपूर्वीपर्यंत ती स्वतः जे बघायची ते सगळं आता तो बघायचा. दूध नासलंय का, लोणी खवट झालंय का, गॅस कुठं गळतोय का, शिंपल्यांत मेलेला आहे का. तो परातीपाशी उभा राहून एकेक शिंपला नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा, आणि न्यायाधीशासारखा मान हलवायचा. त्या वेळी तो किती सुखी दिसायचा. ज्या माणसाला लोकांनी नाक मुरडून मुरडून जिन्यानं चालायला लावलं, तो एका घराचं नाक झाला होता. आता तिनं त्याला सांगितलं, की माझं परत आलं, तर त्याच्याजवळ काय उरत होतं? ज्या एका चेहऱ्याजवळ तो श्वास न धरता बसू शकत होता, तोही गेला. आणि नाही सांगितलं तर? तर पुन्हा "काही नाही."

परातीत शिंपले हळूच किलकिले झाले. त्यांच्या फटीतून बारीक बुडबुडे येत होते, टिक्-टिक् असा आवाज करत. खिडकीतून उन्हाचा पट्टा पाण्यावर आला होता आणि छतावर त्याची हलती जाळी पडली होती. ती खुर्ची ओढून तिथंच बसली. मधेच तिला वाटलं, आपण परातीत आहोत आणि वरून कुणीतरी वाकून बघतंय. फोन वाजला तेव्हा ती दचकली. ताईच होती.

"काय करतेस?"

"शिंपले धुतेय."

"आवाज असा का येतोय? रडतेस का?"

"नाही गं. कांदा चिरायचाय."

"चिरायचाय, का चिरतेयस?"

"ताई," ती म्हणाली, "भाऊजींचा वास कसा आहे?"

ताई गप्प झाली. ताई गप्प होणं हे वर्षातून एकदा घडतं. मग म्हणाली, "म्हणजे काय? भाऊजींसारखा आहे. तीस वर्षं झाली, आता मला तो कुठं येतोय? त्यांनी आंघोळ केली की उलट चुकल्यासारखं वाटतं. का गं?"

"सहज."

"तुझं सहज मला माहीत आहे," ताई म्हणाली. "रात्री फोन कर."

तिनं शिंपले नळाखाली घासले, कडेचे धाग्यासारखे केस ओढून काढले. उघडे राहिलेले बोटानं ठोकले. ते मिटले, म्हणजे जिवंत. एक मात्र घट्ट मिटलेला आणि हाताला जड लागला. तिनं तो नाकाशी नेला, आणि हा वास कुठलेही कपडे न घालता आला. कुजलेला, गोडसर, निःसंशय. आत चिखल भरून कधीच मेलेला. तिनं तो एका बशीत बाजूला ठेवला, बशी कट्ट्याच्या टोकाला सारली, आणि हात धुता धुता तिला आपला अभिमान वाटला, लहान मुलीला वाटतो तसा. मग कांदा बारीक चिरला, लसूण ठेचली, लोणी काढून ठेवलं, सायीचा डबा काढला. लोण्याचा वास तिला आलाच नाही. लिंबाचा आला, पण इतका मोठा की ती मागे सरकली.

चार वाजून दहा मिनिटांनी सायकल जिन्याखाली टेकल्याचा आवाज आला. दार उघडलं, तो दारातूनच "आलो गं" म्हणाला आणि नेहमीप्रमाणे सरळ न्हाणीघरात गेला. तिनं श्वास रोखला होता. तिच्या लक्षात आलं की चष्म्याच्या दुकानात तो असाच बसला होता. पाणी पडण्याचा आवाज बराच वेळ आला. मग तो आला, केस ओले, सदरा धुतलेला, आणि कट्ट्यापाशी उभा राहिला, तिच्यापासून हातभर. तिनं तोंड चुलीकडे केलं आणि उगाच काडेपेटी शोधू लागली.

"वा," तो म्हणाला, "आज चांगले मोठे मिळालेत." आणि त्यानं बाह्या सारल्या. परातीतला एक शिंपला उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले, मान हलवली. दुसरा. तिसरा. डोळ्याच्या कोपऱ्यातून ती बघत होती. त्याच्या कपाळावर टाकीवरच्या उन्हाची रेघ होती, वर टोपीनं झाकलेलं पांढरं, खाली काळवंडलेलं. "हा राहिला का बघायचा?" असं म्हणत त्यानं बशीतला शिंपला उचलला. ती काही बोलायच्या आत त्यानं तो नाकाशी धरला, इतर धरले होते त्यापेक्षाही जास्त वेळ, डोळे मिटून. मग म्हणाला, "फर्मास. हा तर आत्ताच पाण्यातून काढल्यासारखा आहे." आणि परातीत टाकला.

तिच्या हातातली काडेपेटी हातातच राहिली. दूध. रोज सकाळी तो दूध हुंगून "ठीक आहे" म्हणायचा, पण त्याआधी चमचाभर वाटीत काढून, पाठ करून, पिऊन बघायचा. तिला वाटायचं त्याला कच्चं दूध आवडतं. लोण्याच्या वेष्टणावरची तारीख वाचताना तिनं त्याला दोनदा पकडलं होतं. गॅसच्या नळीवर तो दर रविवारी साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचा. ती म्हणायची, नाक आहे की तुम्हाला, आणि तो म्हणायचा, सवय असते. आणि शिंपलेवाली. एकेक शिंपला मलाच हुंगायला लावतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. सगळं एका जागी येऊन बसलं, हळू, पाण्यात वाळू खाली बसते तसं. तिनं हात पुढं केला. परातीत साठेक शिंपले होते, सगळे काळे, सगळे सारखे. तिचा हात त्यांच्यावरून एकदा फिरला, थांबला, आणि नेमका तो शिंपला काढून तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तो डब्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. सव्वीस वर्षं ज्यानं लोकांच्या नाकपुड्या आणि भुवया वाचण्यावर दिवस काढले, त्याला फार वेळ लागला नाही.

"तोच का काढलास?" त्यानं विचारलं.

तिनं ओला हात पदराला पुसला.

"परत आला का?"

"सकाळी. बाजारात."

त्यानं मान डोलावली. आणि दोन पावलं मागे सरकला, मग आणखी एक, खिडकीपर्यंत. खिडकी उघडली आणि खिडकीला पाठ लावून उभा राहिला. तो अंतर मोजत नव्हता, त्याच्या पायांनाच ते माहीत होतं.

"तुमचा कधी गेला?" तिनं विचारलं.

"नोकरीला लागल्यावर पाचव्या वर्षी. हळूहळू गेला. तिथं सगळ्यांचाच जातो थोडाथोडा, माझा जरा जास्त गेला." तो खाली बघून बोलत होता. "तू लग्नाआधी म्हणालीस ना, घरात एक तरी नाक असलं म्हणजे बरं. मी म्हटलं, आहे. मग आता काय करणार."

"म्हणजे चार वर्षं या घरात नाकच नव्हतं."

"नव्हतं."

"आणि आपण शिंपले खात होतो."

"ती बाई चांगली आहे," तो म्हणाला. "तिचं तोंड खोटं बोलत नाही."

तिला हसू फुटलं. ते इतकं वेळकाळ न बघता आलं की तिला कट्टा धरावा लागला. तो हसला नाही. फक्त जरा बावरून बघत राहिला. तिनं चूल पेटवली, पातेलं ठेवलं, लोणी सोडलं. कांदा पडला आणि लोण्याला आता कुठं वास आला, जणू एकट्यानं यायला ते लाजत होतं. कांदा मऊ झाला, रंग धरायच्या आधी लसूण, मग सगळे शिंपले एकदम, खडखडाट करत. तिनं झाकण ठेवलं. आता पाच मिनिटं काही करायचं नव्हतं.

"तू सांगितलं असतंस का?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"मीही नसतं सांगितलं," तो म्हणाला. मग मान वळवून, खिडकीबाहेर बघत, त्यानं विचारलं, "फार आहे का? मला स्वतःला कळत नाही."

झाकणाखाली एक शिंपला उघडला. टक् असा आवाज आला. मग दुसरा. काही नाही, हे दोन शब्द तिच्या जिभेवर तयार होते, जुने, गुळगुळीत झालेले. जिन्यात उभा असलेला भूगोलाचा शिक्षक तिला दिसला, हातात पुस्तकांची पेटी. ती चुलीपासून निघाली आणि खिडकीपर्यंत गेली. तो आणखी मागे सरकू बघत होता, पण मागे खिडकी होती. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुकानात वाकते तशी, वीतभर अंतरावर वाकली. मग अंतरही राहिलं नाही. तिनं श्वास घेतला.

"वर साबण आहे," ती म्हणाली. "दोन वेगळे. लाल वाला जास्त. त्याच्याखाली बंद खोलीतली ओली भिंत असते ना, तसं. मग लोखंड. किल्ली खूप वेळ मुठीत धरून ठेवली की तळव्याला येतो तसा." ती थांबली. "आणि कुजकं आहे. थोडंच. कानामागे. उजव्या."

त्याचा हात आपोआप कानामागे गेला. "तिथं मी दगडानं घासतो."

"तरी आहे."

"वाईट आहे?"

"वाईट आहे."

ती वाट बघत होती. पोटातलं ते लहानसं दार. ते बंद होण्याचा आवाज तिला चांगला ओळखीचा होता. ती तशीच उभी राहिली, नाक त्याच्या कानामागे, आणि दार वाजलं नाही. उद्या वाजेल का, सातव्या वर्षी वाजेल का, हे तिला सांगता आलं नसतं, आणि तिनं स्वतःला ते विचारलंही नाही.

"लोक सरकतात," तो म्हणाला, "पण कसला, ते कुणी सांगत नाही. सव्वीस वर्षांत एकानंही नाही. मी तरी कुणाला विचारणार?" मग एकदम, गावाकडची खबर विचारावी तसं त्यानं विचारलं, "किल्ली म्हणालीस? कसली, दाराची? का कुलपाची, मोठी?"

"मोठी. गोदामाची असते तसली."

"हं," तो म्हणाला. "आणि भिंत?" ती सांगत राहिली. एका वेळी एक, सावकाश. जिथं शब्द सापडेना तिथं पुन्हा वाकून, पुन्हा हुंगून. तो डोळे मिटून ऐकत होता. शिंपले हुंगताना मिटायचा तसे ते मिटलेले नव्हते. आता त्याच्या पापण्या हलत होत्या.

झाकण खडखडायला लागलं तेव्हा ती धावली. सगळे शिंपले उघडले होते, आत केशरी, गुबगुबीत. तिनं ते उपसून काढले, राहिलेलं पाणी फडक्यातून गाळलं, साय घातली, मिरपूड, लिंबाचे चार थेंब. ते चमच्याच्या पाठीला धरायला लागेपर्यंत हलवत राहिली. मग शिंपले परत आत. तो अजून खिडकीशीच होता. "बसा की," ती म्हणाली. त्यानं खुर्ची घेतली, टेबलाच्या पलीकडे ठेवली, थोडा विचार केला, आणि अलीकडे आणली. ते जेवायला बसले. रिकाम्या शिंपलीनंच शिंपल्यातला गर चिमटीत धरून काढायचा, पावाचा तुकडा रश्श्यात बुडवायचा. पाव अजून जळक्या वायरीसारखाच येत होता. तिनं त्याला ते सांगितलं आणि आता मात्र तो हसला.

"रविवारी चलतेस?" त्यानं जेवण संपताना विचारलं. "टाक्यांवर. मी कुणाला कधी नेलं नाही. तिथं गोल टाकी आहे, मोठी, तिच्यावर लोखंडी हात फिरतो, तासाला एक फेरी. बगळे बसतात त्याच्यावर, फेरी मारतात फुकट. दिसायला फार छान आहे. बाकी कसं आहे ते मला आता आठवत नाही."

रविवारी ती गेली. सायकलीच्या मागच्या कॅरिअरवर बसून, डोक्याला रुमाल बांधून. फाटकापासून ती तोंडानं श्वास घेत चालली, लोखंडी जिन्यावरून गोल टाकीच्या कठड्यापर्यंत. ती कठड्यावरून वाकून ओकली. त्यानं पाठीवर हात ठेवला नाही. पाण्याची बाटली पुढं केली आणि एका बाजूला उभा राहिला, टोपी हातात घेऊन. खाली करडं पाणी सावकाश फिरत होतं, फिरत्या हातावर तीन बगळे होते, आणि एक जण पंखात चोच खुपसून झोपला होता. तिनं चूळ भरली, डोळे पुसले, पदरानं नाक धरलं, मग सोडलं.

"परत जाऊ या का?" त्यानं विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "एकेक सांगते."